सहाव्या नंबरचं कारण

सोलापुरातल्या एका सरकारी कार्यालयाच्या गोपनीय शाखेत मी सहा वर्षं लघुटंकलेखक होते. कार्यालय कुठलं ते सांगणार नाही. रुजू होताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती आणि बदली झाली म्हणून ती सही पुसली जात नाही. म्हणून इथं कुणाचं नाव नाही आणि गुन्ह्यांचे तपशीलही थोडे फिरवले आहेत. माणसं मात्र होती तशीच ठेवली आहेत. त्यांच्यातल्या काहींचे आभार मानायचे राहून गेलेत.

आमच्या घरात सरकारी नोकरीत लागलेली मी पहिली. वडील गिरणी बंद पडल्यावर कुंभारी गावाच्या वाटेवर एका टॉवेलच्या कारखान्यात राखणदारीला होते. बाबासाहेबांच्या फोटोखाली माझं नेमणुकीचं पत्र त्यांनी आठवडाभर ठेवलं होतं, आल्यागेल्याला दाखवायला. गोपनीय शाखा म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी माझा मोबाईल मागून घेतला आणि दाराबाहेरच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. त्या शाखेच्या मुख्य लिपिक होत्या. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावच्या, घरी कानडी, ऑफिसात मराठी. सगळं ऑफिस त्यांना अक्का म्हणायचं. मीही दुसऱ्याच दिवसापासून अक्का आणि अगं-तुगं करायला लागले.

खोलीत एकच खिडकी होती, तीही खिळे मारून बंद केलेली. मार्च लागला की कूलरसमोर बसूनसुद्धा टाइप करताना मनगटाखालचा कागद ओला व्हायचा. तिथं बसून अक्कानं मला काम समजावलं.

"कुणाचा फोन ऐकायचा म्हंजे वरनं हुकूम लागतो. गृह विभागाचे सचिव सही करतात, मुंबईला. आपले साहेब लोक नुसता प्रस्ताव पाठवतात. तो तू टाइप करायचा. हुकूम आला की साठ दिवस. पुढं पाहिजे असंल तर परत कारण लिहायचं, परत मागायचं. कितीबी वाढवलं तरी सहा महिन्यांच्या वर न्हाय."

"आणि सचिवांचंच चुकलं तर?"

"हुकमाची प्रत समितीकडं जाते. मुख्य सचिव, विधी सचिव, असे तिघं मोठे असतात. दोन महिन्यांतनं एकदा बसतात. त्यांना पटलं न्हाय तर हुकूम रद्द. ऐकलेलं सगळं नष्ट करायचं."

मी विचारलं, "आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कधी कळवतात?"

अक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला. "त्याला कळवत न्हाईत. कधीच न्हाय. म्हणून आपण नीट करायचं. त्याच्या बाजूनं बोलणारं हितं कोण नसतंय की."

प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकाना होता. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गानं मिळणं का शक्य नाही, ते तिथं लिहायचं. बहुतेक अधिकारी तिथं दोन ठरलेली वाक्यं टाकायचे. अक्का प्रस्ताव हातात आला की आधी तोच रकाना वाचायची आणि ठरलेली वाक्यं दिसली की लाल पेन्सिलीनं बाजूला रेघ ओढून कागद परत पाठवायची. अधिकारी चिडायचे. एकदा एक जण म्हणाला, "अक्का, समितीपुढं गठ्ठ्यानं कागद असतात. कोण वाचतंय?" अक्का म्हणाली, "वाचत नसतील तर आपणच वाचलेलं बरं."

त्या समितीनं आमचा कागद खरोखर किती बारकाईनं वाचला, हे मला सहा वर्षांत कधी कळलं नाही. कळायची सोयच नव्हती. ती शंका अजून माझ्या मनात आहे आणि ती लपवायचं मला कारण दिसत नाही.

पहिल्याच वर्षी माळशिरसकडच्या एका माणसाचा नंबर आमच्याकडं ऐकण्यात होता. हुकूम रीतसर, कारण रीतसर. चोरीच्या टोळीतल्या एकानं त्याला तीनदा फोन केले होते. एक हवालदार हेडफोन लावून ऐकायचा, वहीत उतरवायचा आणि मी टाइप करायची. तो माणूस मेंढरं राखायचा. रोज सकाळी लेकीला फोन करायचा. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी होती.

"काळी शेळी व्याली का, दादा?"

"व्हय. दोन करडं हाईत. एक पांढरं हाय, तुज्यासारकं रुसतंय."

"आणि तुमी जेवताय का येळंवर?"

असली अकरा पानं मी टाइप केली. लेकीची सासू काय टोमणे मारते, लेक कशी रडते आणि बापाला कळू नये म्हणून कशी पटकन खोकते, ते सगळं. हवालदार खोकलासुद्धा कंसात लिहायचा. मला घरी गेल्यावर जेवण जाईना. आई विचारायची काय झालं, आणि सांगता यायचं नाही.

शेवटी कळलं की टोळीतल्या त्या माणसाला बोकड विकत घ्यायचा होता, आणि सौदा जमला नव्हता. एवढंच. एकोणिसाव्या दिवशी अक्कानं टिपण तयार केलं: संबंध निष्पन्न होत नाही, हुकूम मुदतीआधी बंद करावा. तो बंद झाला. नियमाची मुदत भरल्यावर ती अकरा पानं कागद कापायच्या यंत्रात घातली तेव्हा मी तिथं उभी होते. कागदाच्या पट्ट्या खाली पडत होत्या आणि अक्का पान मोजून घेत होती, कानडीत, ओंदु, एरडु, मूरु. अकरा झाल्यावर तिनं नोंदवहीत सही केली, माझी घेतली आणि म्हणाली, "आता इसर." ते मला जमलं नाही. पण त्या रकान्याकडं मी त्यानंतर अक्काच्याच नजरेनं बघायला लागले.

आता एका यादीविषयी.

आमच्याकडं एक निरीक्षक साहेब होते. पन्नाशी उलटलेले, आवाज मोठा, मनानं मोकळे. माझ्या वडिलांना कुंभारीच्या रस्त्यावर एका टेंपोनं उडवलं होतं, तेव्हा साहेब योगायोगानं तिथून जात होते. त्यांनी वडिलांना स्वतःच्या जीपमध्ये घातलं, डोकं मांडीवर धरून दवाखान्यात आणलं. वर्दी रक्तानं माखली होती. नंतर त्यांना कळलं की जखमी माणसाची मुलगी आपल्याच ऑफिसातली. तेव्हापासून ते मला "पोरी" म्हणायचे. मला त्यांच्याबद्दल काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

एका दुपारी ते हातानं लिहिलेली यादी घेऊन आले. महामार्गावर मालट्रक अडवणाऱ्या टोळीचा तपास त्यांच्याकडं होता. आदल्याच आठवड्यात एका चालकाचा डोळा गेला होता. घाई खरी होती.

"पोरी, आज संध्याकाळच्या आत प्रस्ताव गेला पाहिजे. सहा नंबर आहेत. लगेच घे."

मी घेतला. पाच नंबरांपुढं नीट कारणं होती: कोण, कुणाशी कधी बोलला, कुठल्या टोलनाक्याजवळ. सहाव्यापुढं फक्त तीन शब्द, 'टोळीशी संबंधित महिला'. मी नंबर टाइप करायला लागले आणि शेवटच्या चार आकड्यांवर माझा हात थांबला. ते आकडे माझ्या डोळ्यांसमोरच होते. खुर्चीला माझ्या डब्याची पिशवी लटकत होती आणि त्या पिशवीवर नाव-नंबराचा शिक्का होता, निळ्या शाईत.

पिशवी नवी पेठेतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उरलेल्या कापडाची शिवून दिली होती. दागिन्यांच्या दुकानाशेजारच्या बोळात त्यांची एवढीशी खोली. धाकट्या बहिणीचं लग्न होतं म्हणून घरातल्या सगळ्यांचे ब्लाउज त्यांच्याकडं टाकले होते. नवरा नाही, एक मुलगा, आणि नुकतंच त्या मुलाचं रजिस्टर लग्न झालेलं. एवढं मला माहीत होतं.

मी उठून अक्काच्या टेबलाशी गेले.

"अक्का, ह्या सहाव्या नंबरची बाई माझ्या ओळखीची आहे. ती टोळीतली नाही."

अक्कानं मान वर केली. "तुला कसं कळलं?"

"साधी बाई आहे गं. ब्लाउज शिवते."

"ब्लाउज शिवणारी टोळीत नसते?" तिनं यादी हातात घेतली. "हे बघ, ती चांगली हाय का वाईट, ते ठरवायला तुला सरकारनं ठेवलेलं न्हाय. मलाबी न्हाय. कारण लिवलंय का, तेवढं बघ."

मी बघितलं. "नाही लिहिलेलं."

"मग झालं की. तेवढ्यावर परत जातंय." ती उठली. "आणि तुझी ओळख हाय, हे मॅडमना तुझ्या तोंडानं सांगायचं. लपवायचं न्हाय. आपण दुसऱ्याला विचारतो तर आपलंबी सांगावं लागतं."

"साहेबांनी माझ्या वडलांना..."

"ठाऊक हाय मला," अक्का म्हणाली. "त्याचं उपकार हाईत तुज्यावर. ते तुज्या घरचे. हा कागद तुज्या घरचा न्हाय."

मॅडम म्हणजे आमच्या वरिष्ठ अधिकारी. वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. सावकाश बोलायच्या, आणि समोरचा थांबला तरी आपण लगेच बोलायच्या नाहीत. मी त्यांना ओळखीचं सांगितलं. पिशवीही दाखवली. त्यांनी शिक्का वाचला, यादीतला नंबर बघितला आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं झालं. आता हा प्रस्ताव तुम्ही टाइप करायचा नाही. मोठ्या बाई करतील. पण इथंच बसा. साहेब आले की बोलणं उतरवून घ्या."

साहेब आले. मला बघून हसले. माझी नजर वहीवर.

मॅडमनी एकेक नंबर घेतला. पहिल्याचं कारण, दुसऱ्याचं कारण. साहेब न अडखळता सांगत गेले, कारण काम त्यांनी खरंच चांगलं केलं होतं. सहाव्यावर मॅडम थांबल्या.

"ही कोण?"

"टोळीतल्या एकाची ओळखीची आहे, मॅडम."

"कुणाची?"

"ते... ऐकल्यावर निष्पन्न होईल."

"ऐकायच्या आधी काय माहीत आहे तुम्हाला? तिच्याबद्दल दुसरीकडून काही विचारून पाहिलंत?"

कूलरचं पाणी आत ठिबकत होतं. मग साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, माझी मुलगी गेली आहे. दीड महिना झाला. ह्या बाईच्या मुलाबरोबर लग्न केलंय. कुठं राहतात माहीत नाही. ती ह्या बाईला फोन करते एवढं कळलंय. घरी बायको अन्नाला शिवत नाही."

"मुलगी किती वर्षांची आहे?"

"तेवीस."

"तिला कुणी पळवलंय अशी तुमची तक्रार आहे?"

"नाही. चिठ्ठी लिहून गेली. मला तक्रार नाही करायची मॅडम. कुठं आहे तेवढं कळू द्या. बाप आहे मी."

माझी पेन्सिल थांबली होती. मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली, लिहा म्हणून.

"तुमचं दुःख मला समजतंय," त्या म्हणाल्या. "पण हा अधिकार राज्यानं तुम्हाला बाप म्हणून दिलेला नाही. मलाही नाही. पाच नंबरांचा प्रस्ताव आज जाईल. सहावा जाणार नाही. आणि ही तुमच्या हातची यादी फाइलला लागेल, माझ्या शेऱ्यासकट. वर कळवावं लागेल."

"माझी नोकरी जाईल, मॅडम."

"चौकशी होईल. जे आत्ता खरं सांगितलंत, तेच तिथं सांगा. पाच नंबरांचं काम तुम्ही चांगलं केलंय, तेही मी लिहिणार आहे."

साहेब उठले, टोपी घातली, सलाम केला आणि गेले. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेजारी बसली.

चार दिवसांनी मला नवी पेठेत जावंच लागलं, लग्न तोंडावर आलं होतं. त्या बाई मशीनवर होत्या. माझा ब्लाउज उलटा करून हातशिलाई घालत होत्या आणि खांदा वर करून त्यात मोबाईल धरला होता.

"जेवलीस का? ... अगं, भात लागला खाली तर लागू दे, वरचा काढून घ्यायचा. ... आईची आठवण येणारच की. रड थोडं. मग तोंड धू."

मी बाकावर बसले होते. हातभर अंतरावर. उठून बोळात जावं असं वाटलं आणि मी खरंच उठून बोळात गेले. दागिन्यांच्या दुकानासमोर गर्दी होती, रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. बाईंनी आतून हाक मारली, "अहो ताई, बाहेर का उभ्या? या की आत. सुनेचा फोन होता, त्यात काय चोरून बोलायचं?"

मी आत गेले. त्यांनी ब्लाउज माझ्या खांद्याला लावून बघितला, बाही अर्धा इंच आत घेतली. मला काही सांगायचं नव्हतं, सांगता येणारही नव्हतं. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट घडता घडता राहिली होती आणि त्या दातानं दोरा तोडत होत्या. मी नुसतं म्हटलं, "छान शिवलाय." त्या म्हणाल्या, "पाठीला हुक जास्त लावलेत. नाचाल म्हणून."

पाच नंबरांवरून टोळी महिन्याभरात सापडली. अटक करायला साहेब नव्हते. त्यांची चौकशी सुरू झाली होती आणि त्यांना नुसतं बसायचं काम दिलं होतं. शिक्षा म्हणून पुढची वेतनवाढ थांबली, नोकरी राहिली. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आलो तर ते भिंतीकडं व्हायचे आणि मी कठड्याकडं. वडील घरी विचारायचे, "साहेब बरे हायेत का? आमचा नमस्कार सांग." मी "सांगते" म्हणायची.

निवृत्तीच्या आठवड्यात ते आमच्या दाराशी आले. आत आले नाहीत. बिस्किटाच्या डब्याशेजारी उभं राहून त्यांनी मला बोलावलं.

"पोरी, वडील कसे आहेत?"

"बरे आहेत, साहेब. तुमची आठवण काढतात."

"माझी मुलगी घरी येऊन गेली," ते म्हणाले. "बायकोनं त्या शिवणवाल्या बाईंकडं जाऊन निरोप ठेवला. सरळ दार वाजवलं आणि म्हणाली, माझ्या लेकीला सांगा आई वाट बघते. मला हे सुचलं नाही बघ. इतकी वर्षं लोकांची दारं वाजवली." त्यांनी डब्याचं झाकण सारखं केलं. "तेव्हा मी अगदी पेटलो होतो. पत्ता हातात आला असता तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही. अक्कांना एवढं सांग."

"तुम्हीच सांगा ना, साहेब. आत आहे ती."

त्यांनी मान हलवली. "तेवढं मला नाही होणार," म्हणाले, आणि गेले.

मी अक्काला निरोप सांगितला. तिनं "बरं" म्हटलं आणि पुढची फाइल ओढली.

तीही पुढच्या वर्षी निवृत्त झाली. माझी बदली झाली. मध्यंतरी कायदा नवा आला, नियमही नव्यानं निघाले, आणि ते मी वर्तमानपत्रात इतर लोकांसारखेच वाचले. साठ दिवस आहेत, समिती आहे. ज्याचं बोलणं ऐकलं त्याला कळवायची तरतूद अजूनही दिसली नाही. असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. माळशिरसच्या त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं, की बाबा, आमची चूक झाली.

गेल्या संक्रांतीनंतर मी अक्काच्या गावी गेले. वडिलांना बरोबर नेलं होतं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काळा चष्मा लावून ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. आवाजावरून तिनं मला ओळखलं. वडिलांनी हात जोडले तर म्हणाली, "बसा दादा, उन्हातनं आलाय."

मी ठरवून गेले होते. तिच्याजवळ बसून म्हटलं, "अक्का, त्या दिवशी तू नसतीस तर मी तो नंबर टाइप केला असता. साहेबांचे उपकार होते, मी केला असता. तुझे आभार मानायचे राहिले होते."

ती शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "तू उठून माझ्याकडं आलीस ना? मी काय सगळे रकाने बघत होते व्हय? तू आली नसतीस तर मीबी सही करून पाठवला असता. त्या दिवशी लई कागद होते."

हे मला नवीन होतं. इतकी वर्षं मी तिला तो नंबर अडवणारी समजत होते, आणि ती मला. वडील कुठल्या कागदाबद्दल बोलणं चाललंय म्हणून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांना आम्ही दोघींनीही काही सांगितलं नाही.

आतून तिच्या सुनेनं ताटं केल्याची हाक दिली. अक्का उठली, माझा हात धरून उंबरा चाचपला आणि वडिलांकडं वळून म्हणाली, "ऊटा माडि होग्री." मग कानडीत बोलल्याचं तिच्या लक्षात आलं, हसली. "जेवून जावा म्हणते दादा. भाकरी गरम हाय."